जिल्ह्याच्या ठिकाणी रिसर्च सेंटर उभारायचंय? सरकारी ग्रँटचं प्रपोजल कसं लिहायचं ते सविस्तर

मुंबई-पुण्याबाहेरच्या कॉलेजात किंवा छोट्या राज्य विद्यापीठात सायन्स शिकवणाऱ्या, आणि आपल्या डिपार्टमेंटला चांगली लॅब व्हावी, आजूबाजूच्या दोन-चार जिल्ह्यांतल्या पोरांना सॅम्पल घेऊन पुण्याला पळावं लागू नये असं मनापासून वाटणाऱ्या लोकांसाठी हे लिहितोय. पैसा कमी आहे हे खरंच, देशाचा संशोधनावरचा एकूण खर्च जीडीपीच्या 0.64 टक्के आहे. पण जो आहे त्यातला काही भाग मुद्दाम छोट्या संस्थांसाठी बाजूला काढलेला असतो आणि तिथं आपल्याकडून चांगली प्रपोजल्स कमी जातात, निदान मी पाहिलेली बरीचशी प्रपोजल्स सायन्स वाईट म्हणून पडलेली नाहीत, मशिन आल्यावर पुढं काय हे त्यात लिहिलेलंच नव्हतं म्हणून पडली.

सगळ्यात आधी एक सांगतो, कॉल, म्हणजे अर्ज मागवणारी जाहिरात, निघायची वाट बघत बसू नका. कॉल निघाला की हातात साधारण महिना-दीड महिना असतो, त्यात प्राचार्य किंवा रजिस्ट्रारचं एंडोर्समेंट लेटर, कोटेशन्स, सगळ्या को-पीआयचे (पीआय म्हणजे मुख्य संशोधक, को-पीआय म्हणजे त्याचे सहसंशोधक) बायोडेटा, गेल्या पाच वर्षांची पब्लिकेशनची यादी, जागेचा नकाशा, एवढं सगळं गोळा करण्यातच वेळ जातो आणि मुख्य लिखाण शेवटच्या दोन रात्रीत उरकलं जातं, आणि ते वाचणाऱ्याला पहिल्या पानावरच कळतं. स्कीम तीच तीच फिरून येत असतात, थोडेफार बदल होतात, त्यामुळे मागच्या कॉलचा फॉरमॅट डाउनलोड करून आत्तापासून भरायला घेतला तरी चालतं.

कुठली स्कीम आपली

ही यादी पूर्ण नाहीये, पण सुरुवात इथून करा.

डीएसटीची, म्हणजे केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची, फिस्ट ही डिपार्टमेंटसाठीची जुनी आणि ओळखीची स्कीम, 2000 साली सुरू झाली. पैसे एका प्रोफेसरला नाही तर डिपार्टमेंटला मिळतात, जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी, आणि उपकरणं, लॅबची सुधारणा, नेटवर्किंग-कॉम्प्युटिंग आणि मेंटेनन्स यासाठी असतात. पीजी चालवणारी कॉलेजेसपण यात बसतात. युनिव्हर्सिटी पातळीवर डीएसटीचीच पर्स आहे, ती 2009 ची. फक्त यूजी असेल तर डीबीटीची (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची) स्टार कॉलेज स्कीम बघा, ही 2008 पासून आहे आणि मुद्दाम पदवीच्या सायन्स डिपार्टमेंटसाठीच काढलेली आहे, बऱ्याच कॉलेजांना हीच पहिली पायरी म्हणून सोयीची पडते.

मग एएनआरएफ, म्हणजे अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन. संशोधनाला ग्रँट देणारं केंद्राचं जुनं मंडळ एसईआरबी आता यात विलीन झालंय, 2023 च्या कायद्यानं हे फाउंडेशन आलं. यांची पेअर नावाची स्कीम हब आणि स्पोक पद्धतीची आहे, म्हणजे वरच्या रँकची एक मोठी संस्था हब आणि तिच्याबरोबर जास्तीत जास्त सात संस्था स्पोक, आणि उद्देशच हा की स्पोकची ताकद वाढावी. यात तुम्ही एकटे अर्ज करूच शकत नाही, हबनं तुम्हाला बरोबर घ्यावं लागतं, त्यामुळे कॉल यायच्या आधीपासून तिथल्या लोकांशी कामाचं नातं असलं पाहिजे, एखादा जॉइंट पेपर, एखादा को-गाइड केलेला विद्यार्थी, काहीतरी. एसईआरबीच्या काळात राज्य विद्यापीठांतल्या लोकांसाठी शुअर नावाची स्कीम निघाली होती, तीन वर्षांना 30 लाखांपर्यंतची, त्या धर्तीचं सध्या काय चालू आहे ते एएनआरएफच्या पोर्टलवर बघत राहा.

एसईआरबीनंच काढलेली टेअर ही स्कीम मला फार महत्त्वाची वाटते आणि लोक तिच्याकडे दुर्लक्ष करतात. कॉलेजातला रेग्युलर शिक्षक वर्षातले 90 दिवस आयआयटी, आयसर किंवा राष्ट्रीय प्रयोगशाळेत जाऊन काम करतो, तीन वर्षं, आणि वर्षाला 5 लाखांच्या रिसर्च ग्रँटमधली निम्मी रक्कम आपल्या स्वतःच्या कॉलेजला येते. रक्कम मोठी नाहीये, पण तीन वर्षांनी तुमच्याकडे डेटा असतो, पेपर असतात आणि तुम्हाला ओळखणारा एक सिनिअर माणूस असतो, आणि मोठ्या प्रपोजलला नेमकं हेच लागतं.

राज्याकडे राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग आहे, तो स्थानिक प्रश्नांवरच्या प्रकल्पांना पैसे देतो, गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठात जे सायन्स अँड टेक्नॉलॉजी रिसोर्स सेंटर उभं राहिलं ते याच आयोगाच्या पाठबळावर. बिल्डिंग आणि एकूण सोयींसाठी पीएम-उषा, म्हणजे आधीची रुसा, त्यात महाराष्ट्रासारख्या राज्याला केंद्र 60 आणि राज्य 40 असा वाटा असतो आणि अर्ज राज्यामार्फत जातो, त्यामुळे तो रस्ता वेगळा आणि लांबचा.

पात्रता आधी नीट वाचा. यूजीसीची 2 एफ आणि 12 बी ही मान्यता आहे का, नॅकचं मूल्यांकन मुदतीत आहे का, पीआय रेग्युलर पोस्टवर आहे का (सीएचबीवरच्या, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या, माणसाला बहुतेक ठिकाणी पीआय होता येत नाही, कितीही हुशार असला तरी, आणि आपल्याकडची रिकाम्या जागांची अवस्था बघता हा फार मोठा अडथळा आहे), संस्था ट्रस्टची असेल तर स्वयंसेवी संस्थांच्या दर्पण पोर्टलवर नोंदणी आहे का. यातलं एक जरी नसलं तरी बाकीचं लिखाण कोणी वाचत नाही.

मशिनचं नाव नंतर, प्रश्न आधी

आता खरा मुद्दा. बहुतेक प्रपोजल्स अशी सुरू होतात की आमच्याकडे अमुक उपकरण नाही म्हणून ते द्या. हे चुकीच्या टोकाकडून सुरू करणं आहे. आधी ठरवा की आपल्या भागातला कुठला प्रश्न आपण दुसऱ्या कोणापेक्षा चांगला अभ्यासू शकतो, कारण तो आपल्या दारात आहे. यवतमाळ, चंद्रपूरच्या भूजलातला फ्लोराइड, नंदुरबार-गडचिरोलीतला सिकलसेल, लोणारच्या अल्कधर्मी पाण्यातले सूक्ष्मजीव, कोकणातल्या कातळसड्यांवरच्या वनस्पती, ही अशी कामं आहेत की दिल्लीत बसलेल्या एक्स्पर्ट कमिटीलाही पटतं, हे इथंच व्हायला हवं. प्रादेशिक क्षमता म्हणतात ती इथं सुरू होते, नाहीतर तेच नॅनोपार्टिकल्स, तेच सुपरकॅपॅसिटर, जे चारशे ठिकाणी चालू आहे, त्यासाठी तुम्हालाच का द्यायचे हे तुम्हालाही सांगता येत नाही.

प्रश्न ठरला की उपकरण आपोआप ठरतं, आणि इथं फार काळजी घ्या कारण रिव्ह्यूअर याच जागी पकडतो. फ्लोराइडचंच उदाहरण घ्या. पाण्यातल्या फ्लोराइडवर काम करणार म्हणून आयसीपी-एमएस (आर्गनच्या प्लाझ्मात नमुना आयनाइज करून अगदी सूक्ष्म प्रमाणातली मूलद्रव्यं मोजणारं महागडं मशिन) मागितलं की खेळ तिथंच संपला, कारण फ्लोरीन त्या आर्गन प्लाझ्मात जवळजवळ आयनाइजच होत नाही, त्याला आयन सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोड पुरतो किंवा फार तर आयन क्रोमॅटोग्राफ. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम आणि पर्याय नसेल तर 1.5 मिलिग्रॅम आहे, एवढं मोजायला इलेक्ट्रोड सहज पुरतो. पण तुम्ही त्याच विहिरींत आर्सेनिक आणि युरेनियम पण बघणार असाल, ते लिटरला मायक्रोग्रॅममध्ये, तर मग आयसीपी-एमएसचं कारण पक्कं होतं. म्हणजे प्रत्येक उपकरणासमोर एक ओळ हवी की कुठली मोजणी, किती बारीक, वर्षाला किती सॅम्पल, आणि स्वस्तातलं का चालणार नाही. ही ओळ लिहिता येत नसेल तर ते उपकरण यादीतून काढा.

आणि त्याआधी आय-स्टेम पोर्टलवर जाऊन बघा की ते उपकरण तुमच्या जवळपास आधीच कुठं आहे का. जानेवारी 2020 मध्ये हे पोर्टल सुरू झालं, देशभरातली सरकारी पैशातून घेतलेली उपकरणं त्यावर शोधता येतात, स्लॉट बुक करता येतो. कमिटी हे बघते. सत्तर किलोमीटरवर तेच मशिन निम्मा वेळ रिकामं असेल तर तुम्हाला दुसरं का द्यावं? तिथं ताणलेलं मशिन असेल, तीन-तीन महिने वेटिंग असेल, तर तेच तुमचं कारण, तारखांसकट लिहा, शक्य असेल तर त्यांचं पत्रच जोडा.

मशिन आल्यानंतरची पानं

यावर मी जास्त लिहिणार आहे कारण प्रपोजल इथं जिंकतं किंवा हरतं. आपल्या राज्यातल्या किती डिपार्टमेंटमध्ये लाखो रुपयांची उपकरणं कापड टाकून ठेवलीयत हे सगळ्यांना माहीत आहे, कमिटीतल्या लोकांना तर जास्तच, आणि त्यांच्या मनात पहिली भीती तीच असते की हे पण तसंच होणार. ती भीती आकड्यांनी घालवायची.

आधी चालवणार कोण. बहुतेक इन्फ्रास्ट्रक्चर स्कीममध्ये कायमस्वरूपी ऑपरेटरचा पगार मिळत नाही, मग तो संस्था देणार का, किती वर्षं, कुठल्या हेडमधून, याचं मॅनेजमेंट कौन्सिलचं किंवा संस्थेच्या कार्यकारिणीचं लेखी ठरावाचं पान जोडा. नुसतं "संस्था सर्व सहकार्य करेल" याला काही किंमत नाही. पीएचडीचा विद्यार्थी चालवेल असं लिहू नका, तो तीन-चार वर्षांनी जातो आणि त्याच्याबरोबर मशिन कसं चालवायचं हेही जातं. निदान दोन रेग्युलर माणसं ट्रेन होतील असं दाखवा, त्यातला एक लॅब असिस्टंट असला तर फारच चांगलं, कारण तोच माणूस तिथं वीस वर्षं असतो.

मग रोजचा खर्च. आयसीपी-एमएसच धरलं तर प्लाझ्मालाच मिनिटाला साधारण 15 लिटर आर्गन लागतो, त्यावर थोडा इकडचा तिकडचा, म्हणजे 7 घनमीटरचा एक सिलिंडर सात तासांच्या आसपास संपतो. आठवड्याला किती दिवस चालवणार, किती सिलिंडर, तुमच्या गावात हाय प्युरिटी आर्गन पुरवणारा आहे का की तो औरंगाबाद-नागपूरहून येणार आणि वाहतूक किती, हा हिशोब प्रपोजलमध्ये अर्ध्या पानात मांडला की वाचणाऱ्याला कळतं की या माणसानं खरंच विचार केलाय. वीज जाते किती वेळा, यूपीएस किती केव्हीएचा, अर्थिंग वेगळं केलंय का, एसीची खोली तयार आहे का की "बांधण्यात येईल", हे सगळं लिहा आणि खोलीचे फोटो जोडा. रिकामी, रंगवलेली, वायरिंग झालेली खोली फोटोत दिसली तर अर्धं काम झालं.

वॉरंटी कमीत कमी तीन वर्षांची मागा आणि त्यानंतरच्या एएमसीचे (वार्षिक देखभाल कराराचे) दर कोटेशनमध्येच घ्या. वॉरंटी संपल्यावर कंपनी काय दर सांगेल त्यावर आपला हात नसतो, पण खरेदीच्या वेळी ते चौथ्या-पाचव्या वर्षाचा दर कबूल करतात, कारण त्यांना विकायचं असतं. आणि चौथ्या वर्षीचा पैसा कुठून येणार? इथं यूजर चार्जेस. आतल्या विद्यार्थ्याला किती, बाहेरच्या कॉलेजला किती, कारखान्याला किती, असा दरपत्रकाचा तक्ता करा, तो पैसा वेगळ्या खात्यात राहील आणि फक्त मेंटेनन्सलाच वापरला जाईल हे संस्थेकडून लिहून घ्या, नाहीतर तो जनरल फंडात जातो आणि परत दिसत नाही.

वापरणारे कोण, हे नावानिशी. आजूबाजूच्या सात-आठ कॉलेजांकडून पत्रं आणा, पण सगळ्या पत्रांत एकच मजकूर कॉपी-पेस्ट नको, प्रत्येकानं लिहावं की आमच्याकडे अमुक विषयावर इतके पीएचडीचे विद्यार्थी आहेत आणि वर्षाला अंदाजे इतके सॅम्पल पाठवू. भूजल सर्वेक्षण विकास यंत्रणेचं जिल्हा कार्यालय, कृषी विज्ञान केंद्र, जिल्हा रुग्णालय, साखर कारखान्याची लॅब, यांच्याशी बोला. ही माणसं बोलवली की येतात, फक्त आपण कधी जात नाही. सत्तरच्या दशकात डीएसटीनं जी रिजनल इन्स्ट्रुमेंटेशन सेंटर्स काढली, जी आता सैफ म्हणून ओळखली जातात, मुंबई आयआयटीतलं त्यातलंच एक, ती बाहेरच्यांसाठी उघडी असणं या अटीवरच उभी राहिली, आणि कमिटीच्या डोक्यात आदर्श म्हणून तेच मॉडेल असतं.

बजेट

दोन मोठे भाग, नॉन-रिकरिंग म्हणजे उपकरणं वगैरे आणि रिकरिंग म्हणजे माणसं, कन्झ्युमेबल्स, प्रवास, कंटिन्जन्सी, वर ओव्हरहेड, म्हणजे संस्थेचा प्रशासकीय खर्च. कोटेशन ताजं घ्या, वर्षापूर्वीचं जोडू नका, आणि परकीय चलनातलं असेल तर त्या दिवशीचा दर लिहून थोडी वाढ धरा. जीएसटी पूर्ण धरा. संशोधन संस्थांना उपकरणांवर जी 5 टक्क्यांची सवलत मिळायची ती जुलै 2022 पासून बंद झाली, जुनं प्रपोजल बघून बजेट केलं की इथंच लाखो रुपये कमी पडतात आणि मग मंजूर मशिनचं हलकं मॉडेल घ्यावं लागतं. इन्स्टॉलेशन, गॅस लाइन, फ्यूम हूड, स्टँडर्ड्स हे सगळं बजेटमध्ये दिसू द्या. जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलो) मागत असाल तर 2023 पासून महिन्याला 37,000 अधिक घरभाडे भत्ता हा दर आहे, आपल्या मनानं कमी लावू नका, त्यानं प्रपोजल स्वस्त दिसत नाही तर अडाणी दिसतं.

फुगवलेलं बजेट लगेच कळतं. "कमिटी निम्मं कापतेच म्हणून दुप्पट मागा" हा सल्ला तुम्हाला दहा जण देतील, ऐकू नका, कापताना नेमकं मेंटेनन्स आणि ट्रेनिंग कापलं जातं आणि तुमच्याकडे उरतं नुसतं मशिन.

परवानग्यांची वेळपण टाइमलाइनमध्ये धरा. एक्सआरडी किंवा एक्सआरएफसारखं एक्स-रे वापरणारं मशिन असेल तर एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) ई-लोरा पोर्टलवरून नोंदणी लागते, माणसांचे नमुने असतील तर एथिक्स कमिटी, जीएमओ (जनुकं बदललेले जीव) असतील तर बायोसेफ्टी कमिटी. कॉलेजात या कमिट्याच नसतात बऱ्याचदा, मग जवळच्या मेडिकल कॉलेजशी आधी बोलून ठेवा.

खरेदी आणि हिशोब

मंजुरी आली की खरं ओझं सुरू होतं. पैसे आता जुन्यासारखे कॉलेजच्या कुठल्याही खात्यात येत नाहीत, पीएफएमएसला (सरकारी पैशाचा हिशोब ठेवणाऱ्या केंद्राच्या ऑनलाइन यंत्रणेला) जोडलेलं झिरो बॅलन्स खातं लागतं, ते उघडायला बँकेत हेलपाटे होतात म्हणून सँक्शन ऑर्डर यायच्या आधीच कागद तयार ठेवा. खरेदी जीएफआर 2017, म्हणजे केंद्राच्या वित्तीय नियमांप्रमाणे, आधी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर बघायचं, तिथं नसेल तर तसा रिपोर्ट काढून मग टेंडर. 200 कोटींच्या खाली ग्लोबल टेंडर काढायला 2020 पासून मनाई आहे, वैज्ञानिक उपकरणांसाठी सवलत आहे पण मंजुरी लागते, आणि जून 2025 मध्ये केंद्रानं वैज्ञानिक संस्थांसाठी हे बरंच सैल केलं, ग्लोबल टेंडरच्या मंजुरीचे अधिकार संचालक आणि कुलगुरूंच्या पातळीवर आणले. तुमच्या संस्थेला त्यातलं काय लागू होतं हे फायनान्स ऑफिसरबरोबर बसून ठरवा, आणि त्या माणसाला प्रपोजल लिहितानाच बरोबर घ्या, टेंडरच्या वेळी पहिल्यांदा भेटलात तर तो प्रत्येक कागदावर शेरा मारणार आणि त्याचं चुकत नसतं.

युटिलायझेशन सर्टिफिकेट (यूसी, म्हणजे पैसे कशावर खर्च झाले त्याचा दाखला) जीएफआर 12-ए फॉर्ममध्ये, दरवर्षी, सीएची सही घेऊन, एप्रिल-मे मध्येच. यूसी गेल्याशिवाय पुढचा हप्ता येत नाही. ग्रँटवर व्याज मिळालं तर ते आपलं नाही, भारतकोश पोर्टलवरून परत भरायचं. वस्तू आली की डेड स्टॉक रजिस्टरला नोंद, मशिनला लॉगबुक पहिल्या दिवसापासून, कोण आलं, कुठून आलं, किती सॅम्पल, किती तास. दोन-तीन वर्षांनी रिव्ह्यूला कमिटी येते तेव्हा हेच लॉगबुक मागते, आणि पुढच्या मोठ्या प्रपोजलला याच्यापेक्षा चांगला पुरावा नाही.

प्रेझेंटेशन आणि नकार

प्रेझेंटेशनला दहा-पंधरा मिनिटं मिळतात. संस्थेचा इतिहास, संस्थापकांचा फोटो, नॅकचा ग्रेड यात पाच मिनिटं घालवू नका. पहिली स्लाइड प्रश्नाची, दुसरी तुमच्याकडे आधीच असलेल्या डेटाची, मग उपकरण, मग कोण वापरणार आणि कोण चालवणार. डेटा थोडासा का असेना, स्वतःचा हवा, दुसऱ्याच्या मशिनवर काढलेला चालेल. प्रश्न आला आणि उत्तर येत नसेल तर सरळ सांगा की हे अजून केलेलं नाही, असं असं करणार आहोत. इंग्रजीची भीती घेऊन पोरं-प्राध्यापक गप्प बसतात, गरज नाही, मुद्दा पक्का असला की मोडक्या इंग्रजीतही ऐकतात, हिंदीत बोललात तरी ऐकतात.

नाही मिळालं तर पोर्टलवर किंवा ईमेलनं कमेंट्स मागवा, दरवेळी मिळतील असं नाही पण मागा. कमेंट्समध्ये सायन्सबद्दल तक्रार आहे की संस्थेबद्दल हे वेगळं करा. सायन्सची असेल तर टेअर किंवा आय-स्टेममधून बाहेरचं मशिन वापरून एक वर्ष डेटा काढा, संस्थेची असेल तर तो ऑपरेटरचा ठराव, ती खोली, ती आठ कॉलेजांची पत्रं, यातलं जे कच्चं होतं ते पक्कं करा आणि पुढच्या कॉलला तेच प्रपोजल सुधारून टाका, वर पहिल्याच पानावर आधीच्या कमेंट्स आणि त्यावर काय केलं याचा तक्ता लावा.